शेवटच्या खोलीतला बिघाड

पिरंगुटच्या चौकातल्या त्या दुकानात अपेक्षा रानवडे शिरली, तेव्हा बाहेर परतीचा पाऊस पडत होता — म्हणजे लख्ख ऊन असताना, कुणालाही न विचारता आणि नेमका छत्री घरी ठेवून निघालेल्या माणसांवर. तिने ओढणीने कपाळ पुसले, काउंटरपाशी उभी राहिली आणि एका दमात सांगितले,

"आठ कोअरचा प्रोसेसर, ग्राफिक्स ज्याच्या आतच असतं तो. बत्तीस जीबी रॅम, दोन पट्ट्यांत. मदरबोर्ड चार पट्ट्या बसतील असा, म्हणजे पुढे वाढवता येईल. एक टीबीची एसएसडी. आणि कॅबिनेट साधं, काळं, न चमकणारं."

दुकानदार रोहितने हे सगळे अत्यंत लक्षपूर्वक ऐकून घेतले आणि मग तिच्या शेजारी, भिजलेले हेल्मेट हातात धरून उभ्या असलेल्या एका अनोळखी तरुणाला विचारले,

"साहेब, मॅडमना नक्की कशासाठी पाहिजे?"

बाईने सांगितलेल्याबद्दल जवळच्या पुरुषाला विचारण्याची ही रीत अपेक्षाला नवी नव्हती. तासिका तत्त्वावर इतिहास शिकवण्याच्या वर्षांत तिने ती प्राचार्यांच्या दालनापासून दप्तरखान्याच्या खिडकीपर्यंत सर्वत्र अनुभवली होती. त्या वर्षांनी तिला पगार फारसा दिला नव्हता; पण तिच्या संतापाला एक थंड, धारदार, जवळजवळ ग्रंथालयीन शिस्त मात्र दिली होती. ती शिस्त वापरात आणण्यासाठी तिने तोंड उघडले —

"मला काय विचारता?" तो तरुण म्हणाला. "मी यांच्यासोबत नाही." मग किंचित थांबून, "पण आता ऐकून जावं म्हणतो. मी काहीतरी भलतंच घ्यायला आलोय, असं वाटायला लागलंय."

रोहित गोंधळला. "तुम्ही दोघं एकत्र नाही? आत बरोबरच आलात म्हणून म्हटलं."

"बरोबर पाऊस आला," अपेक्षा म्हणाली. "आम्ही वेगवेगळे आलो."

तरुण हसला. आवाज न करता, फक्त डोळ्यांनी. हसणे लपवायचा त्याने प्रयत्न केला नाही, याची तिने नोंद घेतली आणि लगेच ती नोंद घेतल्याबद्दल स्वतःवरच चिडली.

"मॅडम, ही काचेची कॅबिनेट तरी बघा," रोहितने हार मानली नाही. "आत रंगीत लाइट. मोबाइलवरून रंग बदलतो."

"त्याने पासवर्ड लवकर फुटतो का?"

"काय?"

"काही नाही. साधी दाखवा."

रोहित आतल्या खोलीत साधी कॅबिनेट शोधायला गेला. ती त्याच्याकडे बहुधा कुणी मागतच नसावे, कारण आतून खोकी पडल्याचे आवाज येत राहिले.

"कुणाचे पासवर्ड फोडायचेत?" तरुणाने हळूच विचारले.

"माझेच." हा माणूस विचारतो ते ऐकण्यासाठी विचारतो, असे वाटून तिने जरा सविस्तर सांगितले. "सायबर सिक्युरिटीचा सराव करायचा आहे. एका कॉम्प्युटरच्या पोटात चार-पाच खोटे कॉम्प्युटर चालवायचे. एकाने हल्ला करायचा, बाकीच्यांनी सोसायचा. बाहेरच्या जगाशी त्यांचा संबंध ठेवायचा नाही. कुलूप आपणच लावायचं आणि ते कसं फुटतं तेही आपणच बघायचं."

"म्हणून एवढी रॅम."

"खोट्यालाही जागा खरीच लागते."

"आणि ग्राफिक्स कार्ड घेणारच नाही?" हे त्याने काहीशा दुःखाने विचारले, तो स्वतः तेच घ्यायला आला होता. "गेम खेळावासा वाटला तर?"

"खेळेन की. प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर चालेल तेवढं हलकंफुलकं."

"हलकंफुलकं म्हणजे?"

"ज्यात कुणी कुणाला मारत नाही."

"मग उरतं काय?"

"तुमच्या खेळात काय उरतं?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "बहुतेक वेळा मी उरत नाही. पहिल्या मिनिटालाच जातो."

ती हसली नाही. पण ओढणीने पुन्हा कपाळ पुसले. ते आता कोरडे होते.

"एक बोलू?" तो म्हणाला. "पॉवर सप्लाय तुम्ही सांगितलाच नाही. लोक तो शेवटी घेतात, उरेल त्यात. तिथं हात आखडू नका. राहता कुठं?"

"नांद्याला."

"मग तर नकाच आखडू. आपल्याकडं लाईट कशी हाय, म्हाइतीय की —" तो थबकला. कंपनीत घालायची, इस्त्री केलेली भाषा एका वाक्यात गळून पडली होती. "घोटावड्याचा आहे मी," तो ओशाळून म्हणाला. "शैलेश गोडांबे. हिंजवडीत नेटवर्क सांभाळतो."

"'हाय' म्हणालात तरी चालतं," अपेक्षा म्हणाली. "माझ्या घरी कुणी 'आहे' म्हणत नाही."

मग त्याने विचारले, की ती पण आयटीतच का? आणि तिने, बहुतेकांना देत नसे ते खरे उत्तर दिले: ती खोट्या सनदांची अभ्यासक होती. मोडीतली जुनी इनामपत्रे, वतनांचे कागद, त्यांवरचे बनावट शिक्के. शे-दोनशे वर्षांपूर्वी लोक कागद खोटे करीत. आता मेल आणि संकेतस्थळे खोटी करतात. माध्यम बदलले, माणूस बदललेला नाही. महाविद्यालयाला तिची गरज उरली नाही तेव्हा तिने ठरवले, की भामट्यांच्या नव्या पिढीकडेही तेवढ्याच आस्थेने पाहावे.

"ओळखायचा कसा? खोटा कागद?"

"खरा कागद वापरलेला असतो. त्याला घड्या असतात, कोपरे मळलेले असतात. खोटा फार जपून केलेला असतो. अक्षर नंतर वाचायचं. धूळ कुठे बसली आहे आणि कुठे नाही, ते आधी बघायचं."

शैलेशने हे ऐकले आणि मान हलवली. हे वाक्य आपल्यावर कधीकाळी उलटेल, अशी शंका अपेक्षाला त्या क्षणी आली नाही.

रोहित धुळीने माखलेली काळी कॅबिनेट घेऊन बाहेर आला. सुटे भाग पुण्याहून मागवायचे ठरले. पॉवर सप्लाय शैलेशने सुचवला तोच. निघताना तो म्हणाला, "जोडायला मदत लागली तर…"

"जोडणार मीच आहे."

"मग बघायला?"

"काय?"

"मशीन," तो घाईघाईने म्हणाला, आणि हेल्मेट उलटे घातले.

*

नांद्यात शेतांच्या बांधांवर हल्ली इमारतींच्या जाहिरातींचे फलक उगवत. त्यांवर निसर्गाच्या कुशीत राहायला येण्याचे आमंत्रण असे, आणि ते आमंत्रण रस्त्यावरून नीट दिसावे म्हणून तिथली आंब्याची झाडे तोडलेली असत. अपेक्षाचे वडील विठ्ठलराव यांनी जमीन विकली नव्हती. त्यांनी घरामागे खोल्यांच्या दोन ओळी बांधल्या होत्या आणि त्या कारखान्यांतल्या कामगारांना भाड्याने दिल्या होत्या. दुसऱ्या ओळीतली शेवटची खोली अपेक्षाची होती. म्हणजे, तूर्तास होती.

"दिवाळीपातुर खोली तुजी," विठ्ठलरावांनी सांगितले होते. "तुजी ती परीक्षा काय आसंल ती दे. पास झालीस, काम लागलं, तर तितं बसून खुशाल काम कर. न्हाईतर मान्सं रोज दारात यून खोली इचारत्यात, मी किती जनांना न्हाई म्हनू?"

परीक्षा घरबसल्या द्यायची होती: अख्खा दिवस, कॅमेऱ्याच्या नजरेखाली, समोर उभ्या केलेल्या अनोळखी यंत्रणांची कुलुपे एकामागून एक उघडायची. मोठ्या घरात ते अशक्य होते. तिथे आल्यागेल्याला चहा लागे आणि चहाला अपेक्षा लागे. ती खोली गेली असती, तर तिच्यासोबत टेबल, शांतता आणि या नव्या आयुष्याची सगळी शक्यता गेली असती. हे तिने कुणाला बोलून दाखवले नव्हते. तशी तिला सवय नव्हती.

सुटे भाग आले. तिने ते एकटीने, दार लावून, भरतकाम करावे तशा हाताने जोडले. रॅमच्या पट्ट्या खटकन बसल्या तेव्हा तिला लहान मुलीसारखा आनंद झाला. यंत्र पहिल्या बटणाला सुरू झाले. तिने आतले खोटे कॉम्प्युटर एकेक करून उभे केले. आणि संध्याकाळी, हल्ला ऐन रंगात आला असताना, पडदा काळा झाला. यंत्राने एक सुस्कारा टाकला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

दुसऱ्या संध्याकाळीही तेच झाले.

"मॅडम, जोडलं तुम्ही," रोहितने फोनवर हात झटकले. "आणि पॉवर सप्लाय त्या साहेबांनी सांगितला. नंबर देतो, त्यांनाच विचारा."

गिऱ्हाइकाचा नंबर असा वाटून टाकणे ही माहितीच्या सुरक्षिततेची उघड पायमल्ली होती. अपेक्षाने ती या एकाच प्रसंगी क्षम्य मानली.

"तुम्ही सुचवलेला पॉवर सप्लाय," ती नमस्कार-चमत्कार न करता म्हणाली, "रोज संध्याकाळी प्राण सोडतो."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग, "अपेक्षा?"

तिने नाव सांगितले नव्हते. दुकानात पावतीसाठी रोहितला सांगितले होते, तेवढेच. "…होय."

"उद्या येतो," शैलेश म्हणाला. त्याच्या आवाजात अपराध्याला शोभेल एवढे दुःख अजिबात नव्हते.

*

तो आला तो आधी आईच्या तावडीत सापडला. साधनाबाई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या.

"कुनाचा रं तू?"

"घोटावड्याच्या गोडांब्यांचा, काकू."

"म्हंजी तुजी आत्या भुगावला दिलीया ती का? गोरी, उच्चीला जरा कमी?"

"ती धाकटी, काकू. भुगावला दिलीय ती थोरली."

"मंग तू आमच्या लांबच्या नात्यातला न्हाईस," साधनाबाईंनी निर्वाळा दिला. अपेक्षाला वाटले, आईच्या स्वरात हलकेसे समाधान होते. पण लसणाच्या वासात नेमके काही कळेना.

शेवटच्या खोलीत दोघे यंत्रासमोर बसले आणि बिघाडाची वाट पाहू लागले, वैद्याने रोग्याच्या उशाशी ताप चढण्याची पाहावी तशी. बाहेर पागोळ्या गळत होत्या. कंपनीची बस रस्त्यावर थांबली, माणसे उतरली, चपलांचे चिखलातले आवाज ओळीत पसरले, दारे उघडली. थोड्या वेळाने कुणीतरी हिंग-मिरचीची फोडणी दिली. डोक्यावरचा पंखा किंचित मंदावला. आणि पडदा काळा झाला.

शैलेशने वर पंख्याकडे पाहिले. मग खाली. मग तिच्याकडे — आवश्यक होते त्यापेक्षा थोडे जास्त वेळ.

"रॅम असेल," तो म्हणाला.

"रॅम?"

"एक पट्टी खराब निघते कधीकधी. उद्या एक-एक काढून बघायला लागेल." जराशाने, चहाच्या कपात बघत, "उद्या चालेल ना?"

दुसऱ्या दिवशी दुपारी अपेक्षा एकटी असताना तिला ते लखकन उमगले. लहानपणापासून ती हा पंखा पाहत आली होती. खोल्यांच्या दोन्ही ओळींना एकच जुना मीटर आणि एकच बारीक वायर. कारखान्यातली पाळी सुटली की सगळे भाडेकरू एकदम परततात, एकदम विजेच्या शेगड्या लावतात आणि ती वायर दमते. तिने खाटेखालची लांब वायर काढली, खिडकीतून ओढून मोठ्या घराच्या स्वयंपाकघरातल्या, वेगळ्या मीटरवरच्या सॉकेटला लावली आणि यंत्र त्यावर जोडले. संध्याकाळी बस आली, फोडण्या पडल्या, पंखा मंदावला. यंत्राला काहीही झाले नाही. ते शांतपणे चालू राहिले, निर्दोष सुटलेल्या माणसासारखे.

निदान झाले होते. शैलेशला तेवढे फोनवर कळवायचे होते.

तिने फोन उचलला. ठेवला. पुन्हा उचलला… आणि त्याचाच संदेश आलेला दिसला: "आज मीटिंगमुळे जमलं नाही. उद्या नक्की. रॅमची दुसरी पट्टी तपासायची आहे."

दुसऱ्या दिवशी तो यायच्या जरा आधी अपेक्षाने लांब वायर गुंडाळून खाटेखाली सारली आणि प्लग मुकाट्याने खोलीच्या जुन्या सॉकेटला लावला.

आणि मग ते रोजचे झाले. दिवसभर यंत्र मोठ्या घराच्या विजेवर चाले. तिचा सराव अखंड, काटेकोर, वाढत्या वेगाने पुढे जाई. सूर्य कलला, की अभ्यासू बाई उठे, प्लग बदले, केस विंचरे आणि बिघाडाची वाट पाही. आयुष्यभर खोट्या कागदांचा अभ्यास केलेली स्त्री स्वतःच्या हाताने एक खोटा बिघाड घडवत होती. त्या बनावटीत तिला जो आनंद होत होता, तो कोणत्याही शोधनिबंधाने तिला कधी दिला नव्हता, ही गोष्ट अधिक चिंताजनक होती.

शैलेश प्रत्येक भागाला रीतसर संशयित ठरवून रीतसर निर्दोष सोडत गेला. रॅमची पहिली पट्टी, मग दुसरी. प्रोसेसरचा ताप. एसएसडी. "मदरबोर्डवर माझा अजून पूर्ण विश्वास बसत नाही," तो एकदा गंभीरपणे म्हणाला.

"फार बारकाईने तपास करता तुम्ही."

"घाई केली की चूक होते."

बिघाड होईपर्यंत करायचे काय? म्हणून ते खेळू लागले. तिने एक हलकाफुलका खेळ घेतला होता: एक नाव, दोन नावाडी, एक वल्हे प्रत्येकाकडे. दोघांनी एका लयीत वल्हवले तर नाव पुढे जाते. नाहीतर जागच्या जागी गोल फिरते. कीबोर्ड एकच होता. डाव्या बाजूच्या कळा तिच्या, उजव्या त्याच्या.

"तुम्ही फार जोरात मारताय," ती म्हणाली.

"तुम्ही फार विचार करून मारताय."

"विचार करून वल्हवलं तर पाणी रागावतं का?"

"पाणी नाही. नावाडी रागावतो. तो ताटकळतो ना…"

तिने मान वळवली नाही. पण नाव त्यानंतर बराच वेळ गोल फिरत राहिली, आणि दोघांपैकी कुणीच त्याबद्दल तक्रार केली नाही.

*

नवरात्र संपत आले होते, त्या संध्याकाळी विठ्ठलराव खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. ते या खोलीत सहसा येत नसत. पाऊस बारीक होता. त्यांच्या टोपीवर त्याचे दव बसले होते. मागे साधनाबाई चहाचा ट्रे घेऊन थबकल्या.

त्याच क्षणी पंखा मंदावला आणि पडदा काळा झाला.

"बगितलंस?" विठ्ठलराव म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच अपेक्षा सावध झाली. "रोज पडती ही मशीन. रोज हा पावना यितुया, रोज उगडतुया, आन् रोज पडती. आता परीक्षेच्या दिशी पडली तर?"

"नाही पडणार, अण्णा."

"कशावरनं? आगं, येवढा शिकल्याला मानूस, त्याला बी घावंना. मी म्हनतो, मशीन दुकानदाराला परत दे. खोलीला मानूस आलाय, बायको-पोरं घिऊन. त्याला म्या उद्या सांगतो म्हनलंय. दिवाळीची वाट कशापायी बगायची आनि?"

तिच्यासमोर दोन वाटा होत्या आणि दोन्ही ती स्वच्छ पाहू शकत होती. गप्प राहावे, तर खोली जाईल. बोलावे, तर… तर तिने इतक्या संध्याकाळी काय केले आणि कशासाठी केले, हे या दारात, आईच्या, अण्णांच्या आणि त्याच्या देखत, दिव्यासारखे उघडे पडेल. तिने आयुष्यात बरेच अपमान शांतपणे गिळले होते. हा अपमान तिचा तिने विणला होता.

ती उठली. खाटेखालून लांब वायर काढली. खिडकीतून बाहेर सोडली, ओट्यावरून स्वयंपाकघरात गेली, प्लग लावला, परत आली. कुणाकडेही न बघता यंत्र त्या वायरवर जोडले आणि सुरू केले.

खोल्यांत फोडण्या चालू होत्या. पंखा दमून फिरत होता. यंत्र चालत राहिले. आतला एक खोटा कॉम्प्युटर उभा राहिला, मग दुसरा, मग सगळे.

"शेगड्यांमुळे वायर दमते," ती म्हणाली. "मोठ्या घराच्या मीटरवर लावलं की काहीच होत नाही. मशीन चांगली आहे. दिवसभर मी तशीच चालवते."

विठ्ठलरावांनी वायरीकडे पाहिले, यंत्राकडे पाहिले, पंख्याकडे पाहिले. "म्हंजी तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"कवापासनं?"

"…दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून."

"मंग ह्या पावन्याला रोज कशापायी —"

त्यांचे वाक्य तिथेच राहिले. साधनाबाईंनी ट्रे उगाचच एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. बाहेर पागोळी एकटीच बोलत होती. अपेक्षाने समोरच्या पडद्यावर नजर लावली होती. तिचे कान तापून लाल झाले होते, आणि ते झाकायला ओढणीही पुरेना.

"काका," शैलेश म्हणाला. "एक मिनिट."

तो बाहेर गेला. पावसात मोटारसायकलच्या मागे लावलेली डिकी उघडल्याचा आवाज आला. तो परतला तेव्हा त्याच्या हातात प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेले एक खोके होते. त्याने ते टेबलावर ठेवले. यूपीएस होता. लाइट गेली किंवा दमली तरी यंत्राला काही काळ सांभाळणारा.

"हे काय आनि?"

"हे लावलं की कुठल्याबी लाईटवर मशीन पडत न्हाई." शैलेशची इस्त्री पुन्हा उतरली होती, या वेळी त्याने ती परत चढवली नाही. "पयल्याच दिवशी पंखा बघितला आन् कळलं मला. दुसऱ्या दिवशी मीटिंग न्हवती. पिरंगुटला हे घ्यायला गेल्तो. तवापासनं डिकीतच हाय."

"आन् काडलं का न्हाईस?"

शैलेशने अपेक्षाकडे पाहिले. "काडलं असतं तर यायला कारन उरलं नसतं."

अपेक्षाने पहिल्यांदाच मान वळवली. तिच्या थंड, शिस्तबद्ध संतापाने या क्षणी मदतीला यावे, अशी तिची फार इच्छा होती. पण तो कुठेतरी गेला होता. "म्हणजे… मी प्लग बदलते, हे…?"

"ते नंतर कळलं. खाटेखाली सगळ्या सामानावर धूळ होती," तो म्हणाला. "त्या वायरवर न्हवती. तुम्हीच सांगितलंत, धूळ आधी बघायची."

ती हसली. इतक्या दिवसांचे साठवलेले, अडवून धरलेले, आवाज असलेले हसू. ते तिला थांबवताच येईना.

विठ्ठलरावांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "म्हंजी हिलाबी ठावं," ते सावकाश, हिशेब लावत म्हणाले, "त्यालाबी ठावं. आन् रोज चहा मातुर आमचा."

"चला तुमी," साधनाबाई त्यांना म्हणाल्या. "चहा गार झाला. दुसरा टाकते."

"आनि येक?"

"चला म्हनलं ना."

पावले ओसरीकडे गेली. खोलीत दोघे, आणि दोघांच्यामध्ये ते खोके.

"मी मुद्दाम…" अपेक्षाने सुरुवात केली.

"मीपण."

"माझं वाक्य पूर्ण होऊ द्या."

"बोला."

तिने बराच प्रयत्न केला. वाचलेल्या सगळ्या ग्रंथांतून एकही शब्द वर येईना. शेवटी ती म्हणाली, "तुम्ही येत नाही त्या संध्याकाळी मशीन नीट चालते. आणि मला ते बिलकूल आवडत नाही."

शैलेशने हात पुढे केला; तिच्या हातापाशी नाही, कीबोर्डाच्या उजव्या बाजूला, त्याच्या कळांवर. आणि वाट पाहत राहिला. तिने तिचा हात डाव्या कळांवर ठेवला. मग तिथून उचलून, कीबोर्ड ओलांडून, त्याच्या हातावर ठेवला. नाव त्या संध्याकाळी सुरूच झाली नाही.

*

परीक्षा दिवाळीच्या आधी होती. आदल्या दिवशी साधनाबाई खोल्यांच्या ओळींतून फिरून आल्या. काय बोलल्या ते त्यांनी सांगितले नाही. यूपीएस होता, मोठ्या घराची वायर होती, कुणाच्या मेहेरबानीची गरज नव्हती. तरीही परीक्षेच्या संध्याकाळी बस आली, माणसे उतरली, आणि एकही शेगडी लागली नाही. भाडेकरूंनी मागच्या मोकळ्या जागेत तीन दगड मांडले, लाकडे पेटवली आणि एकाच मोठ्या पातेल्यात सगळ्यांची खिचडी शिजवली. "दीदी का इम्तिहान है," असे एकमेकांना दटावत, हळू आवाजात. धुराने डोळे चोळणारी ती माणसे अपेक्षाला खिडकीतून दिसली. पंखा भरधाव फिरत होता. तिने डोळे पुसले आणि शेवटचे कुलूप उघडले.

निकाल आला. काम मिळाले, घरून करायचे. अपेक्षाने ते आईला सांगितले, अण्णांना सांगितले, आणि शैलेशला फोनवर फक्त एवढे लिहिले: "उघडलं."

त्या रविवारी दारात एक माणूस खोली विचारत आला. विठ्ठलराव ओसरीवर खाटेवर बसले होते.

"शेवटची रिकामी आहे असं ऐकलं."

"न्हाई. ती दिलीया."

"कुणाला?"

"पोरीला," विठ्ठलराव म्हणाले, आणि विषय संपला.

तो माणूस फाटकातून बाहेर पडला आणि शैलेशची मोटारसायकल आत आली. डिकी रिकामी होती. हातात काही नव्हते: स्क्रू-ड्रायव्हर नाही, खोके नाही. त्याने केस मात्र विंचरले होते, आणि हेल्मेटने ते पुन्हा बिघडवले होते.

"आज काय दुरुस्त कराया आलास?" विठ्ठलरावांनी विचारले.

शैलेश उभा राहिला. ओसरीच्या आतल्या बाजूला अपेक्षा होती, आणि ती श्वास धरून उभी आहे हे त्याला दिसत होते.

"काही न्हाई, काका," तो म्हणाला. "आज नुसताच आलोय. तुमच्याशी बोलायला."

विठ्ठलराव खाटेवर जरा सरकले आणि त्यांनी शेजारच्या मोकळ्या झालेल्या जागेवर तळहाताने दोनदा थोपटले.

"बस," ते म्हणाले. आणि आत वळून, "अपेक्षा, चहा ठिव गं. आज पावना खरा हाय."